कोलंबियाने टाकलेली नावं

बोगोताच्या कान्देलारिया भागात अकराव्या रस्त्यावर जुन्या टांकसाळीची इमारत आहे. तिथे आता नाण्यांचं संग्रहालय आहे. त्याच आवारात चित्रकार बोतेरोच्या गुटगुटीत माणसांचं, गुटगुटीत घोड्यांचं आणि गुटगुटीत फळांचं दालन असल्यामुळे बहुतेक पर्यटक तिकडेच वळतात. नाण्यांच्या खोल्यांमध्ये शुकशुकाट. बाहेर बोगोताचा नेहमीचा पाऊस पडत होता. हे शहर २६४० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे विषुववृत्ताजवळ असूनही पाऊस पडला की स्वेटर घालावा लागतो. तेव्हा मी काचेच्या पेट्यांपुढून सावकाश फिरत होते.

थोड्या वेळाने लक्षात आलं, की आपण एकाच देशाची नाणी बघतो आहोत आणि नाण्यांवरचा देश मात्र बदलतो आहे. आधी स्पेनचे राजे. मग 'कोलंबिया प्रजासत्ताक'. मग 'नुएवा ग्रानादा'. मग 'ग्रानादा महासंघ'. मग 'कोलंबियाची संयुक्त संस्थानं'. आणि शेवटी फिरून 'कोलंबिया प्रजासत्ताक'. टांकसाळीचं शहर तेच, मागचे डोंगर तेच. १८२० साली बोगोतात जन्मलेली आणि १८८६च्या डिसेंबरात वारलेली एखादी बाई कोलंबिया प्रजासत्ताकात जन्मली आणि कोलंबिया प्रजासत्ताकातच गेली. मधल्या काळात घराचा उंबरठा न ओलांडता ती आणखी पाच नावांच्या देशांत राहून आली.

कोलंबियाला निघाले तेव्हा ओळखीच्यांपैकी निम्म्यांनी 'कोलंबोला का?' म्हणून विचारलं होतं आणि उरलेल्यांनी पाब्लो एस्कोबारच्या मालिकेची आठवण काढली होती. मीही कॉफीचे मळे आणि कॅरिबियन किनारा एवढंच मनात धरून आले होते. पण त्या नाण्यांनी प्रवासाचा नकाशाच बदलला. जिथे जिथे या देशाचं बारसं झालं, त्यातल्या जमतील त्या जागा बघायच्या असं ठरवलं.

सुरुवात बोगोतातच होते. १५३०च्या दशकात आंदालुसियातून आलेला गोन्सालो हिमेनेस दे केसादा नावाचा वकील किनाऱ्यावरून मागदालेना नदीच्या काठाकाठाने वर आला. रोगराई, उपासमार आणि मगरी यांनी त्याची बहुतेक माणसं वाटेतच संपवली. उरलेल्यांना घेऊन तो पठारावर पोचला, तेव्हा इथे मुइस्का लोकांची भरलेली गावं होती, मीठ होतं, मक्याची शेतं होती, सोनं होतं. हा प्रदेश त्याने स्पेनच्या राजासाठी घेतला आणि स्पेनमधल्या ग्रानादाच्या आठवणीने त्याला 'ग्रानादाचं नवं राज्य' म्हटलं. १५३८मध्ये बोगोता वसवलं. पुढे अठराव्या शतकात इथे व्हाइसरॉय आला, पण नाव ग्रानादाचंच राहिलं.

ते नाव पहिल्यांदा हललं ते एका फुलदाणीवरून. टांकसाळीपासून दोन मिनिटांवर, बोलिव्हार चौकाच्या कोपऱ्यात, 'फुलदाणीचं घर' आहे. २० जुलै १८१० हा बाजाराचा दिवस होता. ल्योरेन्ते या स्पॅनिश व्यापाऱ्याकडे काही स्थानिक मंडळी मेजवानीसाठी फुलदाणी मागायला गेली. तो नाही म्हणाला, किंवा अपमान करून नाही म्हणाला. हाणामारी झाली, बाजार पेटला आणि संध्याकाळपर्यंत व्हाइसरॉयच्या सत्तेला ग्रहण लागलं. भांडण उकरून काढायचं हे आधीच ठरलं होतं, हे आता शाळेतली मुलंही सांगतात. फुलदाणीचा उरलेला तुकडा काचेत ठेवला आहे. दिसायला अगदीच सामान्य.

पण व्हाइसरॉय गेल्यावर देश काय म्हणायचा, यावर एकमत होईना. बोगोताने स्वतःला 'कुन्दिनामार्का' हे स्थानिक वळणाचं नाव घेतलं. इतर प्रांतांनी 'नुएवा ग्रानादाचे संयुक्त प्रांत' उभे केले. आणि स्पेनचं सैन्य परत येईपर्यंत दोघं एकमेकांशीच लढत बसले. या काळाला इथल्या इतिहासात 'खुळी मायभूमी' असं सरळ नाव आहे. स्वतःच्या पहिल्या स्वातंत्र्याला खुळं म्हणणारा देश मला आवडला.

कोलंबिया हे नाव मात्र बोगोताचं नाहीच. ते फ्रान्सिस्को दे मिरांदाचं. कराकासमध्ये जन्मलेला हा माणूस अर्धं जग हिंडला, रशियाच्या कॅथरीनच्या दरबारी वावरला, फ्रेंच राज्यक्रांतीत सेनापती झाला. साऱ्या स्पॅनिश अमेरिकेचा एकच स्वतंत्र देश व्हावा आणि त्याला कोलंबसाचं नाव असावं, हे त्याचं स्वप्न. आज कोलंबिया, व्हेनेझुएला आणि एक्वादोर या तिन्ही देशांच्या झेंड्यावर असलेले पिवळा, निळा, लाल हे रंगही त्याचेच. १८१२मध्ये व्हेनेझुएलाचं पहिलं प्रजासत्ताक कोसळलं, तेव्हा शरणागती पत्करल्याच्या रागात काही तरुण अधिकाऱ्यांनी त्याला पकडलं आणि तो स्पॅनिशांच्या हाती लागला. १८१६मध्ये कादिसच्या तुरुंगात तो मेला. त्या तरुण अधिकाऱ्यांत एक होता सिमोन बोलिव्हार. त्याच बोलिव्हारने नंतर मिरांदाचं स्वप्नही घेतलं, झेंडाही घेतला आणि नावही घेतलं. बोलिव्हारच्या पुतळ्यांची संख्या बघता हा हिशेब इथे फारसा कुणी उघडत नाही.

७ ऑगस्ट १८१९ला बोयाकाच्या पुलाजवळ बोलिव्हारने स्पॅनिश सैन्य मोडलं आणि १७ डिसेंबरला ओरिनोको नदीकाठच्या आंगोस्तुरा गावात कायदा करून 'कोलंबिया प्रजासत्ताक' जाहीर केलं. ते गाव आता व्हेनेझुएलात आहे. त्या कायद्यात कराकास, कितो आणि बोगोता अशी तीन विभागांची तीन मुख्य ठिकाणं ठरली. बोगोताच्या नावामागचं 'सांताफे' कापून टाकावं, असंही त्यात लिहिलं होतं. शिवाय बोलिव्हारच्या नावाने एक नवी राजधानी वसवायची होती. ती कधीच वसली नाही.

आंगोस्तुराला जाणं जमण्यासारखं नव्हतं. म्हणून विमानाने कुकुता गाठलं आणि तिथून टॅक्सीने विया देल रोसारियो. बोगोताच्या गारठ्यातून एकदम घाम फोडणाऱ्या उन्हात. इथल्या चर्चमध्ये १८२१ साली काँग्रेस भरली आणि आंगोस्तुराच्या कागदावरच्या देशाला राज्यघटना मिळाली. चर्च १८७५च्या भूकंपात पडलं. आज विटांच्या भिंतींचे पडके खांब, मोकळी हिरवळ आणि नंतर दुरुस्त करून उभा केलेला एक घुमट एवढंच आहे. शाळेच्या सहलीतली मुलं त्या पडक्या भिंतीवरून उड्या मारत होती आणि बाई ओरडत होत्या.

पलीकडे चिंचेचं एक झाड आहे. काँग्रेसचे सभासद अधिवेशनातून बाहेर पडून याच झाडाखाली बसत, असं सांगतात. ते ऊन बघितल्यावर त्यात काही संशय घ्यावासा वाटला नाही. कराकासची माणसं, बोगोताची माणसं, महिनोन्महिने खेचरांवरून प्रवास करून आलेली. आणि ज्या कितोच्या नावाने दक्षिण बाजू राखून ठेवली होती, ते अजून स्पेनच्या ताब्यात. चिंचेखाली बसून त्यांनी जो देश आखला, त्यात आजचे चार देश मावतात : कोलंबिया, व्हेनेझुएला, एक्वादोर, पनामा. त्याला आपण पुस्तकांत 'ग्रान कोलंबिया' म्हणून वाचतो. हे नाव मागाहून इतिहासकारांनी सोयीसाठी दिलेलं. त्या माणसांनी त्याला नुसतं कोलंबिया म्हटलं होतं.

तिथून जवळच ताचिरा नदीवर सिमोन बोलिव्हार पूल आहे. पलीकडे व्हेनेझुएला. मी गेले त्या सकाळी पुलावरून माणसांची रांग येत होती : चाकांच्या बॅगा, खोके, पाठीवर मूल, हातात औषधांच्या चिठ्ठ्या. २०१५मध्ये दोन सरकारांच्या भांडणात हा पूल वाहनांना बंद झाला आणि पुरता उघडायला वर्षं लागली. देश एक करणाऱ्याचं नाव देश वेगळे करणाऱ्या पुलाला आहे, हे विशेष मी टॅक्सीवाल्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, ''बाईसाहेब, इथे सगळ्यालाच त्याचं नाव आहे. माझ्या मुलाच्या शाळेलासुद्धा.''

पुढचा मुक्काम सांता मार्ता. त्याबद्दल फार लिहीत नाही. समुद्र सुंदर आहे, उकाडा भयंकर. गावाबाहेरच्या सान पेद्रो आलेहान्द्रिनो या मळ्यात बोलिव्हार वारला. देश तोवर फुटला होता. व्हेनेझुएला वेगळा झाला होता, कितोही. तारीख होती १७ डिसेंबर १८३०. आंगोस्तुराचा कायदा झाला त्याला त्या दिवशी बरोबर अकरा वर्षं झाली होती.

मधल्या उरलेल्या तुकड्याचं काय करायचं? दोघं घर सोडून गेल्यावर उरलेल्याने कोलंबिया नाव चालू ठेवावं की नाही, यावर बोगोतात वाद झाला. शेवटी १८३२च्या घटनेत जुन्या वसाहतीचंच नाव परत आलं : 'नुएवा ग्रानादा राज्य'. 'प्रजासत्ताक' नाही, 'राज्य'. उद्या तिघं परत एकत्र आले तर जोडायला सोपं जावं, अशी त्यात आशा होती. १८४३च्या घटनेत ती सोडून दिली आणि 'नुएवा ग्रानादा प्रजासत्ताक' झालं.

या काळाची एक वस्तू मात्र कोलंबियात अजून पावलोपावली दिसते. ती म्हणजे राष्ट्रचिन्ह. ते १८३४मध्ये ठरलं. वर गिधाडाच्या जातीचा कोंडोर, मधे स्वातंत्र्याची टोपी, आणि ढालीच्या वरच्या पट्ट्यात फुटलेलं डाळिंब. कारण स्पॅनिशमध्ये ग्रानादा म्हणजे डाळिंब. नाव गेलं, फळ राहिलं. खालच्या पट्ट्यात पनामाची संयोगभूमी आहे, दोन्ही बाजूंना समुद्र आणि जहाजं. पनामा १९०३मध्ये हातचं गेलं, पण ढालीवर ते अजूनही कोलंबियाचंच आहे.

खरं भांडण इथून पुढचं. आणि ते समजायला नकाशापेक्षा बसचा प्रवास उपयोगी. आन्देस पर्वत इथे तीन रांगांमध्ये फुटतो. सरळ रेषेत जवळ असलेली दोन शहरं बसने दिवसभराच्या अंतरावर जातात. घाट चढा, दरीत उतरा, पुन्हा चढा. एकोणिसाव्या शतकात तर खेचरंच होती, आणि काही घाटांत माणसं माणसांना पाठीवर बांधलेल्या खुर्चीतून वाहून नेत. अशा देशावर बोगोतातून राज्य कोण करणार? प्रांत म्हणू लागले, आमचं आम्ही बघतो. १८५५मध्ये पनामाला स्वतंत्र संस्थानाचा दर्जा मिळाला, मग आन्तियोकियाला, मग सान्तान्देरला, मग सगळ्यांनाच. १८५८मध्ये देशाचं नाव झालं 'ग्रानादा महासंघ'.

त्याच वर्षीची एक गंमत. आजच्या कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांची नवी वसाहत होत होती आणि तिचं नाव ठरवायचं काम राणी व्हिक्टोरियाकडे आलं. नुसतं कोलंबिया ठेवलं तर दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियाशी घोटाळा होईल, म्हणून तिने पुढे 'ब्रिटिश' लावलं. दक्षिण अमेरिकेत त्या वर्षी कोलंबिया नावाचा देश अधिकृतपणे अस्तित्वात नव्हता.

पुढचं बारसं रियोनेग्रोचं. विमानाने मेदेयिनला जाणारे बहुतेक प्रवासी तिथेच उतरतात, पण हे गाव कुणाला माहीत नसतं, कारण मेदेयिनचं मोठं विमानतळच मुळी रियोनेग्रोच्या हद्दीत आहे. माणसं बॅगा घेऊन थेट बोगद्यातून शहरात जातात. मी थांबले. टुमदार चौक, सान निकोलासचं चर्च, गार हवा, आणि 'कासा दे ला कोन्वेन्सियोन' नावाचं लाकडी सज्जाचं घर. १८६१मध्ये सेनापती तोमास सिप्रियानो दे मोस्केराने यादवी युद्ध जिंकून बोगोता घेतलं होतं. जबड्याला गोळी लागल्याने तो शब्द चघळत बोले, म्हणून विरोधकांनी त्याला 'मास्काचोचास' म्हणून हिणवलं. हाच माणूस १८४०च्या दशकात राष्ट्राध्यक्ष असताना मजबूत केंद्राचा पुरस्कर्ता होता. आता प्रांतांच्या हक्कांचा सेनापती झाला. जिंकल्या जिंकल्या देशाला काही काळ 'नुएवा ग्रानादाची संयुक्त संस्थानं' म्हटलं गेलं. त्या नावाची टपाल तिकिटंही निघाली आणि आज संग्राहक ती शोधत असतात. मग त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधल्या करारात ग्रानादा कायमचं गेलं आणि कोलंबिया परत आलं.

रियोनेग्रोत १८६३मध्ये जमले ते फक्त विजयी उदारमतवादी. ८ मेच्या घटनेने नऊ सार्वभौम संस्थानांचा देश केला : आन्तियोकिया, बोलिव्हार, बोयाका, काउका, कुन्दिनामार्का, मागदालेना, पनामा, सान्तान्देर, तोलिमा. नाव, 'कोलंबियाची संयुक्त संस्थानं'. प्रत्येकाचं सैन्य वेगळं, कायदे वेगळे, टपाल तिकिटंसुद्धा. मृत्युदंड रद्द. घटनेच्या सुरुवातीला देवाचं नाव नाही. आणि राष्ट्राध्यक्षाची मुदत फक्त दोन वर्षं, लगेच पुन्हा निवडून येता येणार नाही. ही शेवटची अट कुणासाठी होती, ते त्या घरात उभं राहिलं की कळतं. मोस्केरा त्याच सभेत बसला होता, आणि ज्यांनी त्याच्या तलवारीवर सत्ता मिळवली, त्यांना रात्री झोपताना त्याच तलवारीची भीती वाटत होती.

मला ही घटना आवडते. इतकं स्वातंत्र्य कागदावर लिहायला छाती लागते. पण ती चालली नाही, हेही तितकंच खरं. संस्थानं आपसात लढली, पक्ष लढले, तिजोरी रिकामी राहिली. घराच्या रखवालदाराने मला गरम आग्वापानेला दिलं. नाव भारी, पण हे आपलं गुळाचं पाणी, वर लिंबू पिळलेलं. भारताच्या खालोखाल गूळ करणारा देश हाच, हे तेव्हा कळलं. कोल्हापूरकरांनी हरकत घेऊ नये, गूळ चांगला होता.

ही घटना बुडवणारा माणूस कार्ताहेनाचा. तटबंदीच्या जुन्या शहरात पर्यटकांची इतकी झुंबड असते, की बाहेर पडून एल काब्रेरोला गेल्यावर हायसं वाटतं. तिथे राफाएल नुन्येसचं लाकडी, हवेशीर घर आहे आणि समोरच्या छोट्या चर्चमध्ये त्याची समाधी. तरुणपणी हा मोस्केराचा अर्थमंत्री होता. चर्चच्या जमिनी जप्त करण्याच्या हुकमावर त्याची सही आहे. पहिली बायको हयात असताना त्याने सोलेदाद रोमानशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं, तेव्हा भाविकांनी बोंब ठोकली. आणि याच माणसाने १८८५चं युद्ध जिंकल्यावर रियोनेग्रोची घटना संपल्याचं जाहीर केलं. मिगेल आन्तोनियो कारोच्या लेखणीतून १८८६ची घटना आली. तिची सुरुवातच देवाच्या नावाने होते. संस्थानं गेली, त्यांचे विभाग झाले, सत्ता बोगोतात गेली, कॅथलिक धर्म राष्ट्राचा झाला. देश पुन्हा 'कोलंबिया प्रजासत्ताक'. राष्ट्रगीताचे शब्दही नुन्येसचेच.

मार्गदर्शक मुलीने सगळं भक्तिभावाने सांगितलं. मी विचारलं, की मग यादव्या थांबल्या का? ती हसली. १८९९मध्ये 'हजार दिवसांचं युद्ध' सुरू झालं, ते १९०२च्या अखेरीपर्यंत चाललं, आणि त्यातून देश सावरायच्या आत अमेरिकेच्या पाठबळावर पनामा निघून गेलं. त्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली. कोलंबस चौथ्या सफरीत पनामाच्या किनाऱ्यावर आला होता. आजच्या कोलंबियाच्या भूमीवर मात्र त्याने पाय ठेवल्याची नोंद नाही. म्हणजे १९०३नंतर हा देश अशा माणसाचं नाव लावतो, जो तिथे कधी आलाच नाही.

परतीच्या वाटेवर बोगोतात रोसारियोच्या छोट्या चौकात गेले. विद्यापीठाचं जुनं दार, पन्ना विकणारे दलाल, आणि एक चौथरा. त्याच्यावर हिमेनेस दे केसादा उभा होता. ७ मे २०२१ला, देशभर संप चालू असताना, मिसाक या आदिवासी समाजाच्या लोकांनी दोर बांधून तो खाली ओढला आणि शेजारच्या हिमेनेस मार्गाला 'मिसाक मार्ग' म्हटलं. जूनमध्ये बारान्कियात कोलंबसाचा पुतळा पडला. बोगोतात विमानतळाच्या रस्त्यावरचे कोलंबस आणि राणी इसाबेल सरकारने आधीच हलवून ठेवले. ज्याने ग्रानादा नाव आणलं तो आणि ज्याच्यावरून कोलंबिया नाव आलं तो, दोघंही एकाच वर्षी चौथऱ्यावरून उतरले.

पुतळे पाडण्याबद्दल माझं मत पक्कं नाही. पण नावांच्या या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट मला फार खटकली. ग्रानादा की कोलंबिया, राज्य की प्रजासत्ताक, महासंघ की संस्थानं, यावर सेनापती भांडले, वकील भांडले, बिशप भांडले. मुइस्का, मिसाक, वायू, एम्बेरा या आदिवासी समाजांपैकी कुणाला १८१९मध्ये, १८३२मध्ये, १८६३मध्ये किंवा १८८६मध्ये कुणी विचारलं नाही. पहिल्यांदा विचारलं ते १९९१मध्ये. त्या वर्षीच्या घटना समितीत लोकांनी निवडून दिलेले सत्तर सभासद होते आणि त्यांत मिसाक समाजाचे लोरेन्सो मुएलास होते, एम्बेरा समाजाचे फ्रान्सिस्को रोहास बिर्री होते. त्यांनी आदिवासी भाषांना त्यांच्या त्यांच्या प्रदेशात अधिकृत दर्जा मिळवला, सिनेटमध्ये दोन जागा राखून घेतल्या. राजधानीचं नाव त्या घटनेने 'सांताफे दे बोगोता' असं लांबवलं, ते २०००मध्ये पुन्हा नुसतं बोगोता झालं. देशाचं नाव बदललं नाही. १८८६पासून ते 'कोलंबिया प्रजासत्ताक' आहे, आणि स्वतंत्र झाल्यावर या देशाने इतकी वर्षं टिकवलेलं हे एकमेव नाव आहे.